डाकीण कुणी नसते, जमीन मात्र असते

(८ मार्च २०१५ रोजी संघटनेच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बऱ्याच गावांच्या बायांनी मागितला म्हणून पत्रिकेत देत आहोत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाड्यावर वाचून दाखवावा.)



होळी परवाच झाली. रात्र रात्र नाचून पाय दुखताहेत, महू वेचायचे दिवस तोंडावर आहेत, तरी एवढ्या बाया डोंगर उतरून आल्या. काही जणी पहाटे तीनला निघाल्या. त्यांचा वेळ आम्ही गोड गोड बोलण्यात घालवणार नाही.

दरवर्षी ८ मार्चला आपण दारूवर बोलतो, रेशनवर बोलतो, रोजगार हमीच्या मजुरीवर बोलतो. या वर्षी भूसंपादनाच्या वटहुकमावर बोलणं आहे, ते दुपारी होईल. त्याच्या आधी आम्हाला एका अशा गोष्टीवर बोलायचं आहे जी आपण मेळाव्यात बोलत नाही, चुलीपाशी कुजबुजतो. बाईला डाकीण ठरवणं. डाकीण ठरवून मारणं, हाकलणं, तिचं घर जाळणं.

आम्ही हा विषय घेणार असं कळल्यावर आपल्याच काही भावांनी आम्हाला थांबवलं. ते वाईट माणसं नाहीत, जमिनीच्या लढ्यात जेलमध्ये गेलेली माणसं आहेत. त्यांचं म्हणणं असं की, "हा आपल्या समाजातला घरचा विषय. बाहेर बोललो तर पेपरवाले लिहितील, आदिवासी मागासलेले आहेत, अडाणी आहेत. वनखातं म्हणेल, अशांना कशाला जमिनीचे हक्क? आधी जमीन मिळू द्या, मग हे बघू."

याचं उत्तर आम्ही सरळ देतो. पहिली गोष्ट, बाईला मारणं हे आदिवासींचं एकट्याचं नाही. शहरात हुंड्यासाठी जाळतात, सुशिक्षित लोक सोनोग्राफी करून पोटातच मुलगी मारतात. त्यांना कुणी विचारत नाही की तुमच्या सातबाऱ्याचं काय करायचं. दुसरी गोष्ट महत्त्वाची. हा विषय जमिनीच्या लढ्यापासून वेगळा नाहीच. डाकीण कोण ठरते ते नीट बघा, तिथे जमीन सापडेल.

आपल्या भागात आपल्याला माहीत असलेल्या घटना आठवा. नाव घेऊ नका, मनात आठवा. कोण होती ती? विधवा होती. मूलबाळ नसलेली होती, नाहीतर मुलीच असलेली होती. नवरा गेल्यावर माहेरी न जाता नवऱ्याचं नेवाड स्वतः कसणारी होती. दिराला, पुतण्याला "ही माझी जमीन" असं तोंडावर सांगणारी होती. ज्या घरात चार तरणेबांड पोरं आहेत त्या घरातली म्हातारी डाकीण निघाल्याचं किती वेळा ऐकलंत? क्वचितच. डाकिणीची शक्ती खरी असती तर ती पोरं बघून घाबरली नसती.

होतं कसं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात एखादं पोर तापाने जातं, नाहीतर जुलाबाने जातं. दवाखाना लांब, नदीला पूर, झोळीत टाकून नेईपर्यंत जीव जातो. दोन बैल मरतात. मग दाणे बघितले जातात. बडवा नाव घेत नाही, तो दिशा सांगतो, "उगवतीकडचं घर, एकटी बाई." बाकीचं गाव पूर्ण करतं. आणि ज्याला ती जमीन पाहिजे असते, तो त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने ओरडत असतो.

आम्ही सगळ्या बडव्यांना शिव्या देत नाही. झाडपाल्याचं औषध त्यांना माहीत आहे, डॉक्टर पोचत नाही तिथे तेच पोचतात. आणि पोर गेलेल्या आईचं दुःख खोटं नसतं. ती विचारते, माझं पोर का गेलं? तिला उत्तर पाहिजे असतं. सरकारने उत्तर द्यायला पाहिजे होतं की दवाखान्यात डॉक्टर नव्हता, हापशाचं पाणी घाण होतं. सरकार गप्प बसतं. मग उत्तर म्हणून शेजारची बाई पुढे केली जाते. म्हणजे पोराचा गुन्हेगार सुटतो, आणि बाईचा जीव जातो.

मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावर असंच झालं. गाव सांगत नाही, कारण ती बाई अजून त्याच गावात राहते. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, वनहक्काच्या दाव्यात दोघांचं नाव होतं. पुतण्याचं पोर आजारी पडलं आणि हिच्याकडे बोट गेलं. रात्री दारावर दगड पडले. दोन बायांनी तिला आपल्या घरात घेतलं, त्यांचीही दारं फोडायला लोक आले. सकाळी आम्ही तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथे आम्हाला सांगितलं, "तुमच्या पंचात मिटवून घ्या, अजून काही झालेलं नाही ना?" काही झालेलं नाही! म्हणजे मेल्यावर या. दुपारपर्यंत आम्ही तिथून हललो नाही तेव्हा अर्ज घेतला. त्या पुतण्याचं पोर नंतर सलाईन लावून बरं झालं. ती बाई मात्र आजही एकटी पाण्याला जात नाही.

आता देशात काय आहे ते सांगतो.

दिल्लीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आहे. तो दरवर्षी खुनांची कारणं मोजतो. त्यात जादूटोण्याच्या संशयावरून झालेल्या खुनांचा एक रकाना आहे. २०१३ या एका वर्षात त्या रकान्यात १६० खून आहेत, त्यातले ५४ एकट्या झारखंडमधले. पण हा आकडा पुरा नाही. एक तर हे फक्त खून आहेत. जिला हाकललं, जिचं डोकं भादरलं, जी तोंड लपवून गुजरातच्या ऊसतोडीला निघून गेली, तिला मोजायला रकानाच नाही. दुसरं, मालमत्तेच्या वादातून झालेला खून वेगळ्या रकान्यात लिहितात. पोलिसाला एकच कारण लिहायचं असतं. आमच्याकडे तर दोन्ही कारणं एकच असतात. दिराने जमिनीसाठी डाकीण ठरवून मारलं, तर ते कुठे लिहिणार?

कायद्याचं बघू. या एका गोष्टीसाठी सगळ्या देशाला लागू होणारा कायदा आजही नाही. राज्याराज्यांचे आहेत. बिहारने १९९९ मध्ये पहिला केला. त्यात बाईला डाकीण ठरवलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर एक हजार रुपये दंड, छळ केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन हजार दंड. झारखंडने २००१ मध्ये तोच उचलला. आपल्या बाजारात बकऱ्याची किंमत त्या दंडापेक्षा जास्त आहे. छत्तीसगडने २००५ मध्ये टोनही प्रताडना कायदा केला, तो जरा कडक आहे, टोनही ठरवलं तर तीन वर्षांपर्यंत आणि छळ केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. ओडिशाचा २०१३ चा आहे. म्हणजे बाई कुठल्या राज्यात जन्मली त्यावर तिच्या जिवाची किंमत ठरते. आपला डोंगर तर तीन राज्यांत वाटलेला आहे. नर्मदेच्या या काठाला महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश, खाली गुजरात. सोयरीक तिन्हीकडे, बडवा तिन्हीकडे फिरतो, कायदा मात्र नदीच्या काठाला थांबतो.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मागणी केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, त्यानंतर सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. एका माणसाचा जीव गेल्यावर सरकारला जाग आली. तरी कायदा आपल्या कामाचा आहे, पाठ करून ठेवा. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, जनावराचं दूध आटवते असं म्हणून तिला मारहाण करणं, धिंड काढणं, तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. गुन्हा अजामीनपात्र आहे. पोलिसांत त्यासाठी दक्षता अधिकारी नेमायचा आहे. "आमच्याकडे असं काही कलम नाही" असं कुणी सांगितलं तर या कायद्याचं नाव सांगा.

आणखी एक. दिल्लीच्या त्या मुलीच्या प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि २०१३ मध्येच देशाचा फौजदारी कायदा बदलला. त्या बदलाने बाईचे कपडे फेडणं, त्यासाठी तिच्यावर बळ करणं याला कलम ३५४ ब खाली तीन ते सात वर्षं कैद आली. आणि अशा गुन्ह्याची फिर्याद पोलिसाने लिहून घेतली नाही तर कलम १६६ अ खाली त्या पोलिसालाच कमीत कमी सहा महिने कैद आली. हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पण यात भोकं कुठे आहेत तेही बघितलं पाहिजे. ॲट्रॉसिटीचा कायदा बाहेरच्याने अत्याचार केला तर लागतो. इथे मारणाराही आदिवासी, म्हणून तो कायदा नाही, त्यातली मदतही नाही. राज्याची मनोधैर्य योजना बलात्कार आणि ॲसिड हल्ला यांच्यासाठी आहे. डाकीण म्हणून जिचं घर जाळलं, तिला त्यात जागा नाही. म्हणजे खून झाला तर गुन्हा आहे, पण जिवंत राहिली तर तिने राहायचं कुठे, खायचं काय, याचं उत्तर कुठल्याच कायद्यात धड नाही.

आता जमिनीकडे येतो, कारण मूळ तिथे आहे.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आहे. २००५ मध्ये त्यात बदल होऊन मुलीला मुलाइतका हिस्सा मिळाला. तो आपल्याला लागू नाही. त्याच कायद्याच्या कलम २(२) मध्ये लिहिलंय की केंद्र सरकार सांगत नाही तोवर अनुसूचित जमातींना तो लागू होणार नाही. आम्ही हिंदू कायदा आम्हाला लावा असं म्हणत नाही. आमची रीत वेगळी आहे, ती राहिली पाहिजे. पण आमच्या रीतीच्या नावाने वारस नोंदीच्या वेळी बाईला परत पाठवतात, "तुमच्यात बायांना हिस्सा नसतो." ही रीत कुणाला विचारून लिहिली? निंदणी बाई करते, पेरणी बाई करते, बियाणं राखून ठेवते बाई. देवमोगऱ्याला याहामोगीच्या पायाशी टोपलीभर धान्य आपण घेऊन जातो. माऊलीकडे धान्य मागायचं आणि घरातल्या माऊलीला शेत नाही म्हणायचं, ही कसली रीत?

झारखंडच्या सिंहभूममधल्या हो आदिवासी बायांचा खटला १९८२ पासून सुप्रीम कोर्टात होता, मधु किश्वर यांच्या नावाने तो ओळखतात. १९९६ मध्ये निकाल लागला. कोर्टाने बायांना पुरुषाइतका वारसा दिला नाही. पण एवढं म्हटलं की जिची उपजीविका त्या जमिनीवर आहे, तिला तिथून पुरुष वारसाने हाकलता येणार नाही. चौदा वर्षांनी अर्धी भाकर मिळाली. अर्धी का असेना, ती आपल्या उपयोगाची आहे.

वनहक्क कायदा २००६ यात आपण पुढे गेलो. कलम ४(४) म्हणतं, लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने, एकट्या बाईचं घर असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. हे लढून मिळवलंय. पण त्याच कलमात पुढे एक वाक्य आहे. सरळ वारस नसेल तर हक्क जवळच्या नातेवाइकाकडे जाईल. आता विचार करा. मूल नसलेली विधवा. तिच्या नावाने पट्टा. ती गेली की जवळचा नातेवाईक कोण? तोच दीर, तोच पुतण्या. हिंदू वारसा कायद्यात कलम २५ आहे, खून करणाऱ्याला खून झालेल्याची मालमत्ता मिळत नाही. वनहक्क कायद्यात असं स्पष्ट कुठेही लिहिलेलं नाही. मारायचं किंवा हाकलायचं आणि वर पट्टा घ्यायचा, ही वाट बंद करायला पाहिजे. दिल्लीने एक ओळ घालायची आहे.

कुणी म्हणेल, डोंगरातल्या बायांच्या सांगण्याने दिल्लीचा कायदा कुठे बदलतो? बदललेला आहे. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सेशन कोर्टाने पोलिसांना सोडलं, हायकोर्टाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. म्हणे अंगावर खुणा नाहीत, म्हणजे तिची मर्जी असेल. पोलीस ठाण्यात, रात्री, एकट्या पोरीची मर्जी! १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सुप्रीम कोर्टाला उघडं पत्र लिहिलं. १९८० च्या ८ मार्चला शहराशहरांतून बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. आता पोलिसाच्या ताब्यात असलेली बाई "माझी मर्जी नव्हती" म्हणाली तर कोर्टाने ते धरून चालायचं. तिचं नाव छापू नये, हेही तेव्हाच कायद्यात आलं, म्हणून आम्हीही घेत नाही. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही. पण आज देशातल्या प्रत्येक बाईच्या मागे तो कायदा उभा आहे, आणि त्याची सुरुवात एका आदिवासी पोरीने तक्रार दिली तिथून आहे. तिला तेव्हा सगळ्यांनी गप्प बस म्हटलं असेल. ती गप्प बसली नाही.

म्हणून केंद्र सरकारकडे आपल्या मागण्या अशा आहेत :

१) डाकीण ठरवून होणाऱ्या छळाविरुद्ध सगळ्या देशाला एक कायदा करा. त्यात नाव घेणारा, नाव घ्यायला लावणारा आणि त्यातून जमीन घेणारा, तिघेही गुन्हेगार धरा.

२) वनहक्क कायद्यात दुरुस्ती करा. बाईला मारणाऱ्याला, हाकलणाऱ्याला तिच्या पट्ट्यावर कसलाही हक्क राहणार नाही. बाई परत येईपर्यंत ग्रामसभेने ती जमीन सांभाळावी, दुसऱ्याच्या नावे करू नये.

३) आदिवासी बायांच्या वारसा हक्काचा कायदा करा. तो हिंदू कायद्याची नक्कल नको. आमच्या ग्रामसभांना विचारून, ग्रामसभेत बाया बसलेल्या असताना करा.

४) गुन्हे नोंदीत हाकललेल्या, जखमी झालेल्या बाया मोजा. खुनाच्या नोंदीत जमिनीचा वाद होता का, ते लिहा.

५) वाचलेल्या बाईला राहायला जागा, उपचार आणि मदत द्या. मारणारा कुठल्या जातीचा हे विचारू नका.

६) आणि दवाखाना द्या. पावसाळ्यात डॉक्टर, औषध, चांगलं पाणी. पोरं मरायची थांबली तर दाणे बघायला लोक जाणार नाहीत. हे कलम कायद्याइतकंच मोठं आहे.

आम्हाला एक भीती पण आहे, ती लपवत नाही. पोलिसाच्या हातात नवा कायदा म्हणजे काय, हे आपण जंगलात भोगलंय. एका घटनेवरून अख्ख्या पाड्याची पोरं उचलतील, कोंबड्या खाऊन जातील. म्हणून कायद्यासोबत ग्रामसभा पाहिजे. मेंढा-लेखाचे लोक म्हणतात, आमच्या गावात आम्हीच सरकार. बरोबर आहे. पण सरकार म्हणवून घ्यायचं तर गावातल्या सगळ्यांत एकट्या बाईचं रक्षण करायची जबाबदारी पण घ्यावी लागते. ती सोडून नुसता हक्क मागता येत नाही.

म्हणून दिल्लीची वाट न बघता आपण स्वतः काय करायचं, त्याचा ठराव आज मांडतो. प्रत्येक गावाने आपल्या ग्रामसभेत तो घ्यावा. आमच्या गावात कुणाही बाईला डाकीण म्हणून नाव घेतलं जाणार नाही. दाणे बघून कुणाचं घर, कुणाची दिशा सांगितली जाणार नाही. तसं झालं तर त्याच रात्री पाच बाया आणि पाच पुरुष त्या बाईच्या घरी जाऊन बसतील, आणि सकाळी गाव तिच्यासोबत ठाण्यात जाईल. वनहक्क समितीने या महिन्यात सगळे दावे काढून बघावेत, कुठे बाईचं नाव राहिलंय ते लिहून घ्यावं. विधवांचे दावे आधी. ज्याने बाईला हाकललं, त्याचा दावा आपली संघटना पुढे नेणार नाही, मग तो कितीही जुना कार्यकर्ता असो.

शेवटची ओळ काही जणांना टोचेल. टोचू द्या. वनखात्याने आपल्याला पिढ्यान् पिढ्या अतिक्रमण करणारे म्हटलं. आपण म्हटलं, कसणाऱ्याची जमीन. मग नवऱ्यामागे एकटीने नांगर धरणारी बाई कसणारी नाही का? तिच्यावर बोट उगारणारा आणि आपल्यावर काठी उगारणारा गार्ड, दोघांना एकच पाहिजे असतं, आपण शेत सोडून जावं.

ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करा. पुरुषांनीही करा, आम्ही बघतोय.

जमीन आमच्या हक्काची! घरातल्या बाईच्याही हक्काची!

जिंदाबाद!

(ठराव हात वर करून मंजूर झाला. गावांनी ग्रामसभेच्या ठरावाची प्रत पुढच्या बैठकीला सोबत आणावी.)